कार्यालयीन प्रशिक्षण : महाड-पोलादपूर
दक्षिण रायगडातील या तालुक्यांत लिपिकाच्या नोकरीची तयारी टंकलेखनापासून सुरू होते. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट गतीचे प्रमाणपत्र लागते; परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. टंकयंत्राची जागा संगणकाने घेतली, तरी रेमिंग्टन कळफलकावर बसलेला हात आजही उपयोगी पडतो. गतीचा उतारा, पत्र, तक्ता असा सराव असतो. नवख्याची बोटे जोडाक्षरांवर आणि रफारावर अडतात. संगणक-ओळखीसाठी २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आहे. तहसील कचेरीचे कामकाज मराठीत चालते, महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांना मात्र इंग्रजीही लागते. म्हणून दोन्ही भाषांचे टंकलेखन शिकणे हिताचे. आवक-जावक नोंदवही आणि टिपणी लिहिण्याचा सरावही टंकलेखनाच्या वर्गांतच व्हायला हवा.