खेकड्यावरचे उतारू

वांग्या-भेंडीवर पडणाऱ्या लाल कोळ्याचे काही भाऊबंद समुद्रात राहतात. हॅलाकॅरिड माइट हे त्यांचं घराणं. हजाराहून अधिक जाती, आणि बहुतेक माइट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गंमत अशी, की जन्म पाण्यात काढूनही यांना पोहता येत नाही. शेवाळ, शिंपला, जे सापडेल ते नख्यांनी धरून सरपटायचं. पिल्लंही तशीच, प्रवाहाबरोबर वाहत जायची सोय त्यांनाही नाही. तरी युरोपात परमुलखातून आलेल्या एका खेकड्याच्या अंगावर हे सापडले. मग चढले कुठे?

त्या खेकड्याची कुळी ठाऊक आहे. मूळचा चीनचा, शांघायच्या खवय्यांचा शरदातला लाडका, नांग्यांवर दाट केसांचे हातमोजे. वाढतो नदीत, वंश वाढवायला उतरतो खाडीकडे. 1912 मध्ये तो जर्मनीच्या आलर नदीत सापडला, 1935 मध्ये थेम्समध्ये. संशय जहाजांच्या नीरमावर, म्हणजे तोलासाठी भरलेल्या भारावर. तोल राखायला गलबतांच्या तळाशी पूर्वी दगड-वाळू भरत. लोखंडी आगबोटींनी पाणीच भरायला सुरुवात केली. एका बंदरातलं पाणी दुसऱ्यात सोडलं, की त्यातली खेकड्याची पिल्लंही सुटली.

पण ही पिल्लं जेमतेम काही मिलिमीटरची, त्यात सारखी कात टाकणारी. त्यांच्यावर बसून चीनहून कोण येणार? म्हणून मला वाटतं, मोठ्या खेकड्याच्या केसांतले माइट बहुधा युरोपातच चढले असावेत. गाडी परदेशी, उतारू गावचे. केसांत गाळ अडकतो, गाळात खाणं मिळतं. पोलंडच्या किनाऱ्यावर याच केसांत जंत, अळ्या, चिमुकले कवचधारी असा बराच गोतावळा निघाला होता. खेकडा नदी चढला की त्यांनाही फुकटात नवा मुलूख.

आपल्या चिंबोरीच्या कल्ल्यांतही बार्नकलचे छोटे नातलग चिकटलेले असतात. तळोज्यात चिंबोऱ्या साफ करणाऱ्या बायका कल्लेच उपटून टाकतात, त्यामुळे त्यांची ओळख होत नाही.

चिनी खेकडा इथल्या खाडीत वसलेला नाही. वाट मात्र उघडी आहे, न्हावा-शेवा बंदर शेजारीच. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मायटिलॉप्सिस शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमला दिसला, पुढे मुंबईतही. 2000 साली सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट या नीरमाविषयीच्या प्रकल्पात जगातली सहा बंदरं निवडली, त्यांत मुंबई होती. नीरमाच्या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला. तो टाकीतल्या पाण्या-गाळापुरता. जहाजाच्या बाहेरून चिकटणाऱ्या जिवांसाठी 2011 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, 2023 मध्ये ती सुधारली, पण तीही ऐच्छिक. आणि पोहता न येणाऱ्या माइटला टाकीपेक्षा शेवाळलेला तळच सोयीचा.