मानद पदवी आणि कलम १८ : एक भाष्य

हिंगोलीत कार्यक्रमपत्रिका छापायला टाकली की प्रेसवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘सर, नावाआधी काय टाकू?’ मा., प्रा., डॉ., प्राचार्य डॉ., आणि शेवटी कुठले तरी ‘भूषण’ किंवा ‘रत्न’. त्यातला ‘डॉ.’ दवाखान्याचा, प्रबंधाचा की मानद, हे पत्रिकेवरून कधीच कळत नाही. या प्रश्नाला घटनेत उत्तर आहे. कलम १८ स्पर्धा परीक्षेची मुले ‘किताब रद्द’ एवढ्या दोन शब्दांत पाठ करतात. ते नीट वाचले तर मानद पदवी आणि मानद फेलोशिप यांबद्दल बरेच काही सांगून जाते. पुढे प्रत्येक पोटकलमाचा आशय माझ्या शब्दांत देऊन भाष्य केले आहे.

पोटकलम १, पूर्वार्ध : राज्य कोणालाही किताब देणार नाही.

पुण्या-मुंबईचा वाचक इथे रावसाहेब, रावबहादूर आणि ‘सर’ आठवतो. आपण निजामाच्या मुलखातले. आपल्याकडे उतरंड वेगळी होती. खान किंवा राय, मग बहादूर, त्यावर जंग, दौला, मुल्क. माणसाचे मूळ नाव बाजूला पडून किताब हेच नाव होई. २६ जानेवारी १९५० पासून घटना हैदराबाद संस्थानातही लागू झाली आणि नवे जंग होणे थांबले. जुन्यांच्या नावातून किताब खरवडून काढायला मात्र कोणी गेले नाही. नवाब अली यावर जंग हे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. राज्यपाल हाच राज्यातल्या विद्यापीठांचा कुलपती. म्हणजे ज्या मराठवाडा विद्यापीठाखाली तेव्हा हिंगोलीची कॉलेजे येत, त्याच्या कुलपतींच्या नावातच निजामाचा किताब होता. हा घटनेचा भंग नव्हे. कलम पुढच्या देण्याला बांधते, मागे दिलेल्याला नाही.

‘राज्य’ म्हणजे कोण? कलम १२ प्रमाणे केंद्र आणि राज्य सरकार तर आहेतच, शिवाय नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि इतर प्राधिकरणेही आहेत. कायद्याने स्थापलेली विद्यापीठे न्यायालयांनी या ‘इतर प्राधिकरणां’त मोजली आहेत. येथे शंका येते : विद्यापीठ जर राज्य, तर विद्यापीठाची डी.लिट. हा राज्याने दिलेला किताब होणार नाही का? या शंकेचे समाधान पुढच्या अर्ध्या ओळीत आहे.

पोटकलम १, उत्तरार्ध : लष्करी किंवा विद्याविषयक मान याला अपवाद.

हा अपवाद मूळ मसुद्यात नव्हता. संविधान सभेत १९४८ च्या अखेरीस चर्चा झाली तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या दुरुस्तीने तो आला. मोजक्या शब्दांची ही भर नसती तर प्रत्येक दीक्षान्त समारंभावर याचिकेचे सावट राहिले असते.

विद्येचा मान वगळण्याचे कारण आपल्या इतिहासातही सापडते. इंग्रज सरकार संस्कृत पंडितांना महामहोपाध्याय करी. पां. वा. काणे यांना हा किताब १९४२ साली मिळाला. देणारे सरकार परके होते, पण धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या नावापुढे तो शब्द कोणाला खटकला नाही. रा. गो. भांडारकरांचेही तसेच. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये त्यांना मानद पीएच.डी. दिली, पुढे सरकारने ‘सर’ केले. मराठी माणसाने दोन्हींमधून ‘डॉ. भांडारकर’ उचलले. पदवी मानद असूनही ‘डॉ.’ शोभला, कारण पदवी ज्या कामाची खूण होती ते काम समोर होते.

आणि रँग्लर परांजपे. केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आले, तेथल्या सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो झाले, पुण्यात येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढे त्याच सेंट जॉन्सने त्यांना मानद फेलो केले. जुन्या इंग्रजी कॉलेजांतली ही मानद फेलोशिप समजून घेण्यासारखी आहे. शिकवण्याची जबाबदारी नाही, पगार नाही. कॉलेजच्या यादीत नाव आणि फेलोंच्या पंक्तीला पान. नावाआधी लावायला तर काहीच मिळत नाही. इंग्रज सरकारने परांजप्यांनाही ‘सर’ केले होते, पण महाराष्ट्र त्यांना आजही ‘रँग्लर’ म्हणतो. सरकारचा किताब लोकांनी बाजूला ठेवला आणि परीक्षेचा निकाल नावाला जोडला. कलम १८ च्या अपवादाचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तेव्हा हा अपवाद पदवी देणाऱ्या संस्थेच्या मोठेपणासाठी केलेला नाही, त्या मानामागच्या विद्येसाठी केलेला आहे. घटनाकारांनी इथे विद्यापीठांच्या पारखीवर विश्वास टाकला. परीक्षा न घेता पदवी द्यायची तर निदान अधिसभेतल्या शहाण्यांनी डोळे उघडे ठेवून द्यावी, कुलपतींनी विचार करून संमती द्यावी, एवढी अपेक्षा त्यात गृहीत आहे. ती दर वेळी पुरी होते असे म्हणवत नाही.

याच पोटकलमाची शेपटी : भारतरत्न हा किताब की नाही?

हिंगोलीकराला हे टाळता येणार नाही. नानाजी देशमुखांचा जन्म याच जिल्ह्यातल्या कडोळीचा, ११ ऑक्टोबर १९१६ चा. त्यांना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळाले. गंमत अशी की १९७७ मध्ये ज्या जनता सरकारने हे नागरी सन्मान बंद केले, त्याच सरकारात नानाजींनी मंत्रिपद घेतले नव्हते. सन्मान १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बालाजी राघवन खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला : भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, गुणवत्तेची कदर आहेत, मात्र नावाच्या मागे-पुढे ते लावता येणार नाहीत.

म्हणजे कडोळीच्या कमानीवर ‘भारतरत्न नानाजी देशमुख’ असे रंगवणे निकालाच्या अक्षराला धरून नाही. ‘नानाजी देशमुख, भारतरत्नाने सन्मानित’ हे चालेल. नुसता शब्दांचा क्रम, असे कोणी म्हणेल. पण निकालाचा सगळा भार त्या क्रमावरच आहे : पुरस्कार कामाला चिकटला तर कदर, नावाला चिकटला तर किताब. मानद ‘डॉ.’ला हा निकाल थेट लागू होत नाही, तो पुरस्कारांपुरता आहे. त्याची कसोटी मात्र उसनी घ्यायला हरकत नसावी. धोंडो केशव कर्व्यांना बनारस, पुणे, एसएनडीटी आणि मुंबई अशा चार विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या. त्यांना ‘डॉ. कर्वे’ कोण म्हणतो? लोकांनी ‘महर्षी’ ठरवले आणि तेच राहिले; त्यासाठी कलमाची परवानगी लागत नाही, कारण लोक म्हणजे कलम १२ मधले राज्य नव्हे.

पोटकलम २ : भारताचा नागरिक परक्या राज्याकडून किताब घेणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. विद्याविषयक अपवाद पहिल्या पोटकलमात आहे, दुसऱ्यात नाही. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी डॉ. आंबेडकरांना मानद एलएल.डी. दिली ती कशी बसते? सरळ बसते. कोलंबिया हे विद्यापीठ आहे, अमेरिकी राज्य नव्हे. आणि पदवी म्हणजे या कलमाच्या अर्थाने किताब आहे का हाही प्रश्न उरतोच. संविधान सभेत बाबासाहेबांनीच खुलासा केला होता की किताब न घेणे हा हक्क नसून नागरिकत्वाची अट आहे, कर्तव्य आहे. मसुदाकाराने ती अट मोडली असे म्हणणाऱ्याला कलम पुन्हा वाचायला सांगावे.

पुढच्याच वर्षी, १२ जानेवारी १९५३ ला, उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होती, म्हणजे उस्मानिया हे आपल्याच राज्याचे विद्यापीठ. बाबासाहेबांच्या नावातला ‘डॉ.’ मात्र या दोन्ही मानद पदव्यांचा नाही. तो लंडन आणि कोलंबियाच्या प्रबंधांचा, १९२० च्या दशकातला, कष्टाने कमावलेला आहे. व्याख्यानांत हे सांगायचे राहून जाते.

पोटकलमे ३ आणि ४ : राज्याच्या पदावरील व्यक्तींसाठी राष्ट्रपतींच्या संमतीची अट.

तिसरे परदेशी नागरिकांसाठी आहे, आपल्याला फारसे लागत नाही. चौथे सांगते की राज्याखाली लाभाचे किंवा विश्वासाचे पद असलेल्याने परक्या राज्याकडून भेट, मोबदला किंवा पद संमतीशिवाय घेऊ नये. सरकारी प्राध्यापकाला परदेशी कॉलेजने मानद फेलो केले तर? कॉलेज परक्या सरकारचे अंग नसेल तर हे पोटकलम आड येत नाही. सेवानियम वेगळे, ते पाहावेत.

कलमात जे नाही : शिक्षा.

कलम १८ मोडल्यास काय, हे त्यात लिहिलेले नाही. ही उणीव पदव्यांच्या बाजाराने बरोबर हेरली आहे. हॉटेलचा हॉल, भाड्याचे गाऊन, परदेशी वाटणारे नाव, नोंदणी शुल्क, आणि संध्याकाळच्या गाडीने ‘डॉ.’ गावी परत. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. त्यावर १९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोग कायदा आहे : कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापलेल्या किंवा मान्य संस्थांनाच, कलम २४ प्रमाणे दंड एक हजार रुपयांपर्यंत. फ्लेक्सच त्याहून महाग पडतो.

म्हणून प्राचार्यांना आणि आयोजकांना विनंती. मानद पदवी खरी असेल तर पाहुण्यांच्या नावानंतर ती पूर्ण छापावी : मानद डी.लिट., विद्यापीठाचे नाव, साल. नावाआधीची जागा प्रबंध लिहिणाऱ्यांना आणि दवाखाना चालवणाऱ्यांना सोडावी. विद्यापीठाचे नाव किंवा साल सांगता येत नसेल, तर प्रेसवाल्याला सरळ सांगावे, ‘श्री. टाका.’