आयसीटी जालन्यात आलं, पण आपण तिथे गेलो का?

२०१८ साली आपल्या जालन्यात आयसीटीचं, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं मराठवाडा संकुल सुरू झालं. आज बाजारात कुणालाही विचारा, ‘मुंबईचं काहीतरी कॉलेज आहे’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. या संस्थेचा इतिहास कळला की तिच्याकडे काय मागायचं तेही कळेल.

गोष्ट मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरू होते. कापूस आपला, मजूर आपला, पण कापड रंगवायचा रंग परदेशातून यायचा, त्यातही मुख्यतः जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग बंद झाला आणि परावलंबन म्हणजे काय ते कळलं. पुढे १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग काढला. तोच यूडीसीटी, आजची आयसीटी. त्याच्या उभारणीत कापड उद्योगातल्या मंडळींच्या देणग्या होत्या. सुरुवातीचे विषयही दोनच: केमिकल इंजिनिअरिंग आणि कापडाचं रसायनशास्त्र. म्हणजे उद्योगाला जे अडलं होतं, तेच विद्यापीठाने शिकवायला घेतलं.

१९३८ मध्ये के. वेंकटरामन विभागप्रमुख झाले. रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांचं नाव जगभर झालं. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

मग आले मनमोहन शर्मा. जोधपूरचे, इथलेच विद्यार्थी. केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये परतले आणि २७ व्या वर्षी प्राध्यापक झाले. वायू द्रवात किती वेगाने शोषला जातो, हा त्यांचा विषय. ऐकायला पुस्तकी वाटतो. पण खत कारखान्यात अमोनिया बनवण्याआधी वायूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावाच लागतो. ते काम करणारा मनोरा किती मोठा बांधायचा, हे याच गणितावर ठरतं. आज चिमणीतून निघणारा कार्बन पकडायची जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीही हेच शास्त्र आहे. शर्मा सर कारखान्यांना सल्ला देत आणि तिथल्या अडचणींतून संशोधनाचे विषय काढत. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 

याच विभागातून घरडा केमिकल्सचे केकी घरडा, डॉ. रेड्डीज उभी करणारे अंजी रेड्डी आणि मुकेश अंबानी शिकून बाहेर पडले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरही इथलेच.

आता आपल्याकडे या. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं आपण अभिमानाने सांगतो. सळई आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे. मी तीन-चार कारखानदारांशी या विषयावर बोललो. एकजण म्हणाले, “आमचं काम लोखंडाचं, केमिकलवाल्यांचा काय संबंध?” संबंध आहे साहेब. भट्टीचा धूर, वाया जाणारी उष्णता, थंड करायला लागणारं पाणी, मळीचा ढीग, हे सगळं केमिकल इंजिनिअरिंगच आहे. मोसंबीच्या सालीतून तेल आणि पेक्टिन निघतं, तेही त्यातच.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही बघा. गिरणीवाल्यांनी रंगाचा प्रश्न विचारला, कारण तो त्यांच्या खिशाचा होता. रंगाचं पाणी शेवटी जातं कुठे, यासाठी कोण देणगी देणार? पैसा ज्याचा, प्रश्न त्याचा, हे सगळीकडचंच आहे. म्हणून नुसतं ‘उद्योगांशी सहकार्य’ म्हणून भागणार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपण टँकरच्या रांगा बघितल्या आहेत. सांडपाणी शुद्ध करून भट्ट्यांना द्यायचं आणि चांगलं पाणी लोकांना, हा प्रश्न कोणताही एकटा कारखाना विचारणार नाही. तो महापालिकेने विचारायला हवा, आणि तिला तो विचारायला आपण लावायला हवा.

माझं म्हणणं साधं आहे. महापालिका, उद्योजकांच्या संघटना, शेतकरी आणि आयसीटीचे प्राध्यापक यांनी वर्षातून एकदा तरी एका टेबलावर बसावं आणि जालन्याच्या पाच प्रश्नांची यादी करावी. संस्था जनतेच्या जमिनीवर आणि जनतेच्या पैशावर उभी आहे. मागायला लाजायचं कशाला?

तुमच्या यादीत पहिला प्रश्न कोणता? कमेंटमध्ये लिहा. मी त्या एकत्र करून संबंधितांकडे नेऊन देतो.