लांब पल्ल्याचा टॉर्च कसा निवडावा? लुमेनचा आकडा पुरेसा का नाही

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई आणि आजूबाजूच्या गावांत टॉर्च ही रोजच्या गरजेची वस्तू आहे. शेतीपंपांना बऱ्याच ठिकाणी आलटून-पालटून दिवसा आणि रात्री थ्री-फेज वीज मिळते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला आणि दारं धरायला अंधारातच शेत गाठावे लागते. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि हा सगळा पट्टा बिबट्यांचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच भागातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुले होती.

अशा वेळी टॉर्चची मागणी वाढते आणि खोक्यांवरचे आकडेही फुगतात. त्यातले कोणते आकडे खरोखर कामाचे आहेत?

(गावाकडे अख्ख्या टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. इथे उपकरणाला टॉर्च आणि त्याच्या आतल्या बॅटरीला सेल म्हटले आहे.)

लुमेन आणि कँडेला यांत फरक काय?

टॉर्चमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते लुमेन सांगते. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, ते कँडेला सांगते. झोत किती लांब जाईल हे कँडेलावर ठरते. त्यामुळे १००० लुमेनचा पसरट टॉर्च जवळचे अंगण उजळतो, पण ५०० लुमेनचा अरुंद झोताचा टॉर्च त्याच्यापेक्षा लांबचा बांध दाखवू शकतो.

‘पल्ला ४०० मीटर’ म्हणजे नक्की किती?

टॉर्चच्या मोजणीसाठी ‘एफएल १’ हे मानक वापरतात. त्यानुसार प्रकाश ०.२५ लक्सवर येतो ते अंतर म्हणजे पल्ला. एवढा प्रकाश साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. तेवढ्यात काहीतरी हलले हे कळते, पण ते कुत्रे आहे की आणखी काही, हे ओळखता येत नाही. म्हणून छापील पल्ल्याच्या निम्मे अंतर उपयोगाचे धरावे. निम्म्या अंतरावर प्रकाश चौपट असतो.

हिशोब सोपा आहे. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाचा पल्ला २०० मीटर आणि ४०,००० कँडेलाचा ४०० मीटर. म्हणजे पल्ला दुप्पट हवा असेल, तर कँडेला चौपट लागते. खोक्यावर ‘२ किलोमीटर’ लिहिले असेल, तर १० लाख कँडेला हवी. स्वस्तातल्या छोट्या टॉर्चमध्ये ती नसते.

शेतासाठी कोणता झोत?

दोन्ही लागतात. शेताकडे निघण्याआधी वाट, बांध आणि मोटारीचा परिसर लांबून पाहायला अरुंद झोत हवा. चालताना पायाखाली मात्र पसरट प्रकाश लागतो, कारण घोणस, नाग आणि मण्यार यांचा धोका जवळचा असतो. अरुंद झोतात पायाजवळचा साप दिसायचा राहून जातो. हातात लांब पल्ल्याचा टॉर्च आणि कपाळावर हेडलॅम्प ही जोडी सोयीची. हेडलॅम्पमुळे स्टार्टर चालू करताना किंवा पाणी वळवताना हात मोकळे राहतात.

उभ्या उसात कुठलाच झोत आत जात नाही. पुढच्या पानांवरून प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो. धुक्यातही तसेच होते. तिथे अधिक कँडेलासाठी पैसे घालवून फायदा नाही.

सेल किती वेळ पुरेल?

‘एफएल १’ नुसार चालण्याचा वेळ प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. खोक्यावरच्या ८ तासांत पूर्ण प्रकाश कदाचित काही मिनिटेच मिळतो. म्हणून मधल्या प्रकाशावरचा वेळ पाहावा.

- लिथियम, १८६५० आकार: चांगल्या सेलची क्षमता सहसा ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. ‘९९०० एमएएच’ लिहिलेला सेल घेऊ नये. ३५०० एमएएचचा एक सेल १००० लुमेनवर साधारण सव्वा तास आणि ३०० लुमेनवर सुमारे चार तास पुरतो.
- लिथियम, २१७०० आकार: थोडा मोठा सेल, क्षमता सहसा ५००० एमएएचच्या आसपास. रात्रभराच्या कामाला अधिक योग्य.
- लेड-ॲसिड: स्वस्त पण जड. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की लवकर खराब होतो.

सेल बदलता येणारा टॉर्च घ्यावा आणि एक भरलेला सेल खिशात ठेवावा. पावसात वापरायचा असेल, तर आयपी६७ दर्जा पाहावा. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नये. त्याचा उजेड काही मीटरच जातो आणि अडचणीत फोन करायला चार्जिंग उरत नाही.

डोळे चमकले तर?

टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर जनावराच्या डोळ्यांतून परतणारी चमक चांगली दिसते. कुत्रा, मांजर आणि गाय यांचेही डोळे चमकतात, पण खात्री करायला पुढे जाऊ नये. पळू नये, वाकू नये. आवाज करत, तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे यावे आणि वन विभागाला १९२६ क्रमांकावर कळवावे. टॉर्च घेऊन बिबट्याच्या मागावर जाणे जिवावर बेतू शकते.

टॉर्चमुळे धोका आधी दिसतो, टळतोच असे नाही. पिंपरखेड परिसरात हल्ले दिवसाउजेडीही झाले. म्हणून टॉर्च कितीही चांगला असला, तरी रात्री शेतात एकट्याने जाऊ नये.

थोडक्यात, खरेदीपूर्वी:

- लुमेनसोबत कँडेला विचारावी आणि छापील पल्ल्याचे निम्मे अंतर धरावे.
- मधल्या प्रकाशावर किमान चार तास मिळतात का, ते पाहावे.
- शक्य असल्यास अंधार पडल्यावर १०० मीटरवर, म्हणजे साधारण १३० पावलांवर, झोत टाकून पाहावा. तिथले कुत्रे आणि दगड वेगळे ओळखू आले, तर टॉर्च कामाचा.