बहुस्तरीय लेटेक्स गादी

बहुस्तरीय लेटेक्स गादी म्हणजे रबराच्या चिकापासून बनवलेल्या फेसाचे दोन किंवा अधिक सुटे थर एकाच खोळीत बसवून तयार केलेली गादी होय. खोळीला चेन असल्यास थरांचा क्रम बदलता येतो किंवा एखादाच थर नवा घालता येतो. त्यामुळे झोपताना त्रास होत असल्यास संपूर्ण गादी टाकून न देता त्याचे कारण शोधून दुरुस्ती करणे शक्य असते.

रचना

नैसर्गिक लेटेक्स हा हेविया ब्राझिलिएन्सिस या वृक्षाचा चीक आहे. भारतात रबराचे सर्वाधिक उत्पादन केरळमध्ये होते. १९२९ साली विकसित झालेल्या डनलॉप पद्धतीत चीक घुसळून फेस केला जातो आणि साच्यात ओतून उष्णतेने पक्का केला जातो. या पद्धतीत जड कण तळाशी बसत असल्यामुळे थराची एक बाजू किंचित कडक होऊ शकते. तालालय पद्धतीत फेस निर्वात साच्यात फुगवून गोठवला जातो व मग पक्का केला जातो. त्याची घडण अधिक एकसारखी असते. गादीत सामान्यतः सर्वांत कडक थर तळाशी आणि सर्वांत मऊ थर वर असतो.

कडकपणा आणि आधार

थराचा कडकपणा मोजण्यासाठी ठरावीक आकाराची चकती त्यावर दाबतात आणि जाडी २५ टक्क्यांनी कमी होण्यास लागणारे बल नोंदवतात. आकडा जितका मोठा, तितका थर कडक. मात्र केवळ या आकड्यावरून आराम ठरत नाही. वरचा मऊ थर पातळ असल्यास तो पूर्ण दबून शरीराला खालच्या कडक थराचा स्पर्श जाणवतो. तोच थर फार जाड असल्यास कंबर खोल रुतते.

तक्रारी आणि संभाव्य कारणे

* खांदा किंवा नितंब दुखणे, हाताला मुंग्या येणे: कुशीवर झोपणाऱ्यांमध्ये वरचा थर कडक किंवा पातळ असल्यास असे घडते. ताणून बसवलेली खोळ किंवा जाड संरक्षक आवरणही थराचा मऊपणा झाकून टाकते.
* सकाळी कंबर दुखणे: पाठीवर वा पोटावर झोपणाऱ्यांची कंबर मऊ थरात रुतल्यास पाठीचा कणा वाकतो.
* मान दुखणे: खांदा गादीत अधिक रुतू लागल्यास पूर्वीची उशी उंच ठरते, गादी कडक झाल्यास तीच उशी कमी पडते.
* मध्यभागी खड्डा जाणवणे: पलंगाच्या फळ्या वाकलेल्या असणे किंवा त्यांत मोठे अंतर असणे हे कारण असू शकते.
* उकडणे: जलरोधक आवरणामुळे हवा व घाम अडतो.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम उशी, आवरण आणि पलंग तपासला जातो, कारण त्यात खर्च कमी असतो. एक-दोन रात्री गादी सपाट जमिनीवर घालून त्रास कमी झाल्यास दोष पलंगात असण्याची शक्यता वाढते. त्यानंतर थर ताणले न जाता, सुरकुत्यांविना बसले आहेत का ते पाहिले जाते. मग थरांचा क्रम बदलला जातो आणि शेवटी एखादा थर बदलण्याचा विचार केला जातो. एका वेळी एकच बदल करून काही रात्री अनुभव घेणे आवश्यक असते. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. दोघांच्या गरजा भिन्न असल्यास उभे विभागलेले थर वापरून प्रत्येक बाजूची रचना वेगळी ठेवता येते.

निगा आणि मर्यादा

कापसाच्या गादीप्रमाणे लेटेक्स गादीला ऊन दाखवू नये. सूर्यप्रकाशाने रबर ठिसूळ होते. कोकणासारख्या दमट प्रदेशात खालून हवा खेळती न राहिल्यास बुरशी येऊ शकते. थर उचलताना एका टोकाला धरून ओढल्यास तो फाटण्याचा धोका असतो. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी खरेदीपूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते. गादीत बदल करूनही वेदना टिकून राहिल्यास किंवा पायात बधिरपणा आल्यास त्याचे कारण गादीत न शोधता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.