जुना ध्वनिवर्धक आणि खारी हवा

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले आणि तह उभे राहतात. मालवणांत तर हें साहजिकच आहे. १६६४ सालीं ज्याचें बांधकाम सुरू झालें तो सिंधुदुर्ग समोर समुद्रांत उभा आहे. पण इतिहास घरांतल्या फळीवरहि असतो. कित्येक घरांत तो एका जड, धूळ खाल्लेल्या पेटीच्या रूपानें पडून असतो. तबकडीवरील अथवा ध्वनिफितीवरील क्षीण आवाज मोठा करून स्पीकरला पुरविणारी ही पेटी म्हणजे ध्वनिवर्धक, अर्थात् अँप्लिफायर. जुने स्टिरिओ ध्वनिवर्धक विकत घेऊन ते पुन्हा वाजते करण्याची हौस अलीकडे अनेक सुशिक्षित कुटुंबांत दिसते. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, ह्या यंत्राचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय तें घेऊं नये. कारण त्याचें वय कळलें म्हणजे त्याचें दुखणें कळतें.

ह्या यंत्राच्या तीन पिढ्या झाल्या. पहिली निर्वात नळ्यांची, म्हणजे व्हाल्व्हची. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं पहिली नळी बनविली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डि फॉरेस्ट यांनीं तींत एक जाळी बसविली, आणि क्षीण लहर मोठी करण्याचें साधन माणसाच्या हातीं आलें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तें अशाच नळ्यांच्या बळावर. दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र ध्वनिमार्ग, ही स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन यांनीं १९३१ सालींच पेटंटासाठीं मांडली होती. परंतु स्टिरिओ तबकड्या बाजारांत यावयास १९५८ साल उजाडलें. नळ्यांच्या यंत्राचें दुखणें ठरलेलें असतें. त्यांतील कागदी कंडेन्सर ओल धरतात, नळ्या झिजतात, आणि आंत तीनशें-चारशें व्होल्टांचा दाब खेळत असतो.

दुसरी पिढी ट्रान्झिस्टरची. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं तो प्रथम चालवून दाखविला. आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे व उष्णतेपुढें हार खाणारे होते. सिलिकॉनचे आले तेव्हां खरी मजबुती आली. जपानच्या सान्सुई, पायोनियर, आकाई ह्या पेट्या आणि आपल्याकडील सोनोडाईन, कॉस्मिक हीं नांवें ह्याच पिढींतलीं. येथें दुखणें असतें तें सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांचें आणि खरखरणाऱ्या बटनांचें. तिसऱ्या पिढींत सान्यो कंपनीच्या एसटीके जातीचा एकच काळा ठोकळा सर्व काम करूं लागला. त्यांतील कित्येक ठोकळे बनणें केव्हांच थांबलें असून बाजारांत नकली माल फार आहे. तेव्हां असा ठोकळा जळला असेल, तर वरची पेटी कितीहि देखणी असली तरी मोह आवरावा.

कोंकणांत हीं यंत्रें आणलीं तीं मुख्यतः चाकरमान्यांनीं. मुंबईस गिरणींत वा गोदींत राबणारा माणूस गणपतीस गांवीं येतांना घरासाठीं कांहीं अपूर्वाईची वस्तु आणी. प्रथम आगबोटीनें, पुढें एस.टी.नें, आणि १९९८ पासून कोंकण रेल्वेनें. १९९१ पूर्वीं आयातीवर कडक निर्बंध होते, म्हणून परदेशी स्टिरिओ बहुधा आखातांतील किंवा जहाजावरील आप्ताकडूनच येई. १९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलें. त्याच्या ध्वनिफितींतून मच्छिंद्र कांबळी यांची मालवणी बोली घरोघर घुमली, ती अशाच पेट्यांवर. पुढें मुलें शहरांत स्थायिक झालीं, पेट्या माळ्यावर गेल्या, आणि तेथून त्या मुंबईच्या चोरबाजाराची वाट चालूं लागल्या.

आतां खरेदीविषयीं. ‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ ही म्हण ह्या व्यवहारास तंतोतंत लागू पडते. चकाकणारी दर्शनी पट्टी पाहून भुलूं नये. प्रथम पाठीमागची पाटी वाचावी. जपानांतील घरगुती वीज १०० व्होल्टांची, अमेरिकेंतील १२० ची, आणि आपली २३०. हा भेद न पाहतां पेटी जोडली तर पहिल्याच क्षणीं ट्रान्स्फॉर्मर जळण्याची भीति. मग झांकण उघडवून घ्यावें. कंडेन्सरांचीं डोकीं फुगलीं आहेत काय, जळका वास येतो काय, डाखणीच्या खुणा नव्या आहेत काय, हें पाहावें. पहिल्यांदा वीज देतांना आपले कारागीर सिरीज दिवा वापरतात, ती रीत फार शहाणपणाची आहे. शंभर वॅटचा तारेचा दिवा वाटेंत जोडलेला असतो. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर आंत कोठें तरी शॉर्ट आहे. त्यानंतर, ट्रान्झिस्टरचें यंत्र असेल तर, स्पीकर जोडण्यापूर्वीं दोनहि बाजूंच्या टोकांवर मीटर लावावें. कांहीं हजारांश व्होल्ट दिसले तर चिंता नाहीं. दशांश व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास आपला चांगला स्पीकर त्यास जोडूं नये. नळ्यांच्या यंत्राची गोष्ट उलटी आहे. तें स्पीकर जोडल्यावांचून कधींहि चालवूं नये, नाहीं तर त्याचा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जातो. आणि किंमत ठरवितांना दुरुस्तीचा खर्च आधींच त्यांत मिळवावा, म्हणजे ‘स्वस्त तें महाग’ असा अनुभव येणार नाहीं.

पुण्यास किंवा नागपुरास एवढी काळजी पुरेल. आमच्या किनाऱ्यावर पुरत नाहीं. सिंधुदुर्गांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा घरांत वावरते. मीठ स्वतः ओल ओढून घेतें. म्हणून तांब्याच्या जोडांवर हिरवा कळंक चढतो आणि लोखंडी सांगाडा गंजतो. अशा हवेंत यंत्र झांकून ठेवणें हें रक्षण नव्हे. आठवड्यांतून दोनदां तासभर तें वाजवावें. त्याच्याच उबेनें आंतली ओल निघून जाते. पेटी जांभ्याच्या भिंतीस चिकटवून ठेवूं नये, चहूंबाजूंनीं वारा खेळूं द्यावा. प्लॅस्टिकचें आच्छादन नको, सुती कापड बरें. खरखरणाऱ्या बटनांत तेल सोडूं नये. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून बटन वीस-पंचवीस वेळां फिरवावें. मृगाच्या आधींचीं आणि परतीच्या पावसाचीं वादळें गर्जूं लागलीं कीं प्लग काढून ठेवावा. आणि वीज बंद केल्यावरहि मोठे कंडेन्सर भरलेले असतात, ह्यास्तव माहितगाराशिवाय आंत बोट घालूं नये.

कोणी विचारील, खिशांतल्या फोनवर सर्व गाणीं मिळत असतां हा खटाटोप कशाला? श्रोतेहो, बाजारांतलीं गाणीं मिळतात. घरांतले आवाज मिळत नाहींत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गांवच्या दशावताराची एखादी रात्र, वाडीचें भजन, हें सर्व कोणी तरी हौसेनें ध्वनिफितींत भरून ठेविलेलें असतें, आणि त्याची दुसरी प्रत जगांत नसते. फितीसहि ह्या हवेंत बुरशी लागते. मुंबईंत १९९० सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, आणि तबकड्यांच्या संग्रहास तेथें आधार मिळाला. परंतु आपल्या घरांतल्या फितींची काळजी कोणतीहि संस्था घेऊं शकत नाहीं. ती आपणच घ्यावयाची आहे.

म्हणून पेटी वाजती झाली कीं प्रथम ह्या फिती लावाव्या, त्यांची नवी प्रत काढून घ्यावी, आणि वरचा आवाज कोणाचा हें प्रत्येकीवर लिहून ठेवावें. गांवांत व्हाल्व्ह आणि डाखणी जाणणारा एखादा वृद्ध कारागीर अजून असेल, तर घरांतील एखाद्या मुलास सुटींत त्याच्यापाशीं बसवावें. येत्या पावसापूर्वीं एवढें आपल्या हातून घडो.