रुमाल, रद्दी आणि तीस दिवस

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरील एका कार्यालयात होती. जुने दिल्लीकर या रस्त्याला अजूनही कर्झन रोड म्हणतात. फाइलीच्या संथ फेऱ्यांना पृथ्वीच्या परिवलनाची उपमा देणारा व्हाइसरॉय तो हाच. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हा रस्ता २०१३ पासून तेथे उभ्या असलेल्या नव्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असेल. असो.

त्या कार्यालयात एके दिवशी एक तक्ता नाहीसा झाला. ३१२ रोजंदारी कामगारांच्या थकबाकीचा तो हिशेब होता. हजेरीचे दिवस, त्या त्या काळचा वेतनदर, पूर्वी दिलेली रक्कम आणि उरलेला फरक, असे त्याचे रकाने होते. कंत्राटी नेमणुकीवरील एका तरुण सल्लागाराने आठ महिने खपून तो स्वतःच्या क्लाउड खात्यात तयार केला होता व आम्हां सर्वांना पाहण्यास खुला ठेवला होता. त्याची मुदत संपली आणि तो गेला. सहा आठवड्यांनी लेखापरीक्षकांनी विचारले की, हा फरक कोणत्या आधारे काढला? आम्ही दुवा उघडला, तर फाइल अस्तित्वात नाही असे उत्तर आले. त्या तरुणाला दूरध्वनी केला. "सर, कार्यालयाचे कागद माझ्याकडे राहू नयेत म्हणून मीच पुसून टाकले," तो म्हणाला. त्याच्या सचोटीविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

क्लाउडमधील सामायिक तक्ता म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाची आपल्याला मिळालेली किल्ली. कपाट मालकाचे, कागदही मालकाचाच. मालकाने फाइल पुसली की ती प्रथम कचरापेटीत जाते. गूगलच्या ड्राइव्हमध्ये पूर्वी ती तेथे कितीही काळ पडून राही. ऑक्टोबर २०२० पासून तीस दिवसांनी आपोआप नष्ट होते. संस्थेच्या खात्यातील फाइल असेल, तर त्यानंतरही पंचवीस दिवसांपर्यंत संस्थेचा प्रशासक ती परत आणू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या संस्थात्मक खात्यांत ही एकूण मुदत ९३ दिवसांची असते. वैयक्तिक खात्याला मात्र असा प्रशासकच नसतो. आमचे सहा आठवडे झाले होते.

या प्रसंगाने मला पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण झाली. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात एकबेरीज दफ्तर नावाचे खाते होते. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे येत आणि त्यांवरून जमा, खर्च व शिल्लक दाखवणारे तर्जुमे तयार होत. आजच्या भाषेत ते त्या राज्याचे स्प्रेडशीटच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली. १८१८ साली दफ्तर कंपनी सरकारच्या हाती आले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि दख्खनमधील इनामदारांच्या सनदांची छाननी सुरू झाली, तेव्हा याच मोडी कागदांना विलक्षण मोल आले. दफ्तरातली एखादी नोंद मिळाली की नाही, यावर कोणाच्या तरी पिढीजात जमिनीचा निकाल लागे. ज्या हिशेबनिसाने ती नोंद लिहिली, त्याला हे स्वप्नातही दिसले नसेल. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले आणि मराठ्यांच्या इतिहासाला नवा पाया मिळाला.

सुमारे पस्तीस हजार रुमाल टिकले कसे? जतन करण्याच्या उदात्त हेतूने म्हणावे, तर तसे नाही. प्रथम महसुलाच्या कामासाठी, आणि नंतर बव्हंशी कोणी हात लावला नाही म्हणून, असे माझे मत आहे. कागदाच्या युगात राखणे हे आळसाचे फळ होते. नष्ट करायला मात्र माणसे, हुकूम आणि आगपेटी लागे.

राष्ट्रीय अभिलेखागाराची जन्मकथाही याला साजेशीच आहे. १८६० साली सँडमन नावाच्या सिव्हिल ऑडिटरने सुचवले की, नित्याचे निरुपयोगी कागद नष्ट करून कचेऱ्या मोकळ्या कराव्यात आणि मौल्यवान कागद एका मध्यवर्ती संग्रहात न्यावेत. म्हणजे जतनाचा विचार रद्दीच्या पोटी जन्मला! पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक फॉरेस्ट यांच्या अहवालावरून ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघाले. जनपथावरील आजची त्याची वास्तू १९२६ ची, आमच्या कार्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने या सगळ्याला कायद्याची चौकट दिली. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही त्याच्या व्याख्येत आहे. तेव्हाच्या कचेऱ्यांतील संगणकांची संख्या आठवली की या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकृत कामाखेरीज अभिलेख देशाबाहेर नेण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. आता आमचा तक्ता कोणत्या देशातील सर्व्हरवर होता, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते. १९९७ च्या नियमांनुसार, कागद नष्ट करण्याआधी त्याचा आढावा घ्यावा लागतो व नष्ट करावयाच्या कागदांची यादी करावी लागते. क्लाउडची कचरापेटी तिसाव्या दिवशी रिकामी होते, ती कोणाच्याही सहीविना.

उलट बाजूही नमूद केली पाहिजे. काही गोष्टी कायमच्या पुसल्या जाणे हेही कर्तव्यच आहे. आमच्या तक्त्यात कामगारांचे बँक खाते क्रमांक होते. हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे (शासनाला त्यातून बरीच सूट आहे, ही गोष्ट निराळी). पण मूळ फाइल गेली तरी कोणी उतरवून घेतलेली प्रत, कोणी ई-मेलने पाठवलेली जोडणी, या उरतातच. म्हणजे हवे ते जाते आणि नको ते राहते. शासनाचा स्वतःचा मेघराज क्लाउड आहे, ई-ऑफिस आहे. तरी घाईचे काम खासगी खात्यातच होते, कारण ते तेथे लवकर होते. मीही ते चालू दिले, हे कबूल केले पाहिजे.

अखेर आमच्या एका ज्येष्ठ सहायकांनी कपाटातून छापील प्रत काढली. प्रत्येक महत्त्वाचा तक्ता छापून ठेवण्याच्या त्यांच्या सवयीला आम्ही हसत असू. पण छापील प्रतीत आकडे होते, सूत्रे नव्हती. फाइलीच्या भाषेत सांगायचे, तर आदेश मिळाला, टिपणी गेली. तीन आठवडे बसून आम्ही हजेरीपटावरून पुन्हा हिशेब मांडला. २९५ नावे जुळली. उरलेल्या सतरा जणांचा फरक त्या तरुणाने कोणत्या दराने काढला होता, ते उलगडेना, त्यालाही आठवेना.

कार्यमुक्तीच्या वेळी भरावयाच्या नादेय प्रमाणपत्रात, ग्रंथालयाची पुस्तके आणि ओळखपत्र यांच्या खाली, आम्ही एक ओळ वाढवली: संगणकीय फाइलींची मालकी कार्यालयाकडे सोपवली, होय किंवा नाही. पुढे माझी बदली झाली तेव्हा मीही त्या ओळीसमोर सही केली. सतरा जणांची थकबाकी त्या दिवशीही रोखलेलीच होती.